‘क्षत्रप’ या पदवीची कुळकथा

निवडणुकांचा हंगाम आला की आमच्या वृत्तपत्रांतून ‘क्षत्रप’ हा शब्द पुष्कळ वाचावयास मिळतो. एखाद्या जिल्ह्यावर किंवा प्रांतावर ज्याची पकड आहे, ज्यास पक्षश्रेष्ठीही दुखवू धजत नाहीत, अशा पुढाऱ्यास ‘प्रादेशिक क्षत्रप’ म्हणण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. त्यात थोडे कौतुक, थोडा उपहास आणि बरीचशी धास्ती असते. शब्द दिसावयास शुद्ध संस्कृत. तेव्हा तो अर्थासह आपल्या पूर्वजांकडूनच आपल्याकडे आला, असा वाचकांचा समज होणे साहजिक आहे. परंतु नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ८ किलोमीटरांवर, मुंबईच्या रस्त्यालगत, जो त्रिरश्मी डोंगर आहे, त्यावरील लेण्यांत हाच शब्द सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरला गेला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ निराळा आहे. तेथे तो राजाचा किताब आहे. उपहासाचा त्यात लवलेशही नाही. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले, आणि आज आपण योजितो तो अर्थ त्या डोंगरावरून उतरून आला की दुसऱ्याच वाटेने आला, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या शब्दाचे माहेर इराण होय. हखामनी वंशातील सम्राट पहिला दारयवहु, ज्यास ग्रीक लोक दारियस म्हणत, ह्याने इ. स. पू. ५२२ ते ४८६ पर्यंत राज्य केले. बेहिस्तून येथील कड्यावर त्याने आपल्या विजयांचा जो प्रसिद्ध लेख कोरविला, त्यात बल्खकडील प्रांताचा अधिकारी दादर्शी आणि कंदाहारकडील प्रांताचा अधिकारी विवान ह्या दोघांस ही पदवी लाविलेली आढळते. त्या लेखातील पर्शियन उच्चार किंचित निराळा आहे. शेजारच्या मीडियन बोलीत मात्र तो ‘ख्शथ्रपा’ असा होई, आणि बाहेरच्या जगात पसरले ते बहुधा हेच रूप. ‘ख्शथ्र’ म्हणजे आपले ‘क्षत्र’, अर्थात राज्य किंवा सत्ता. आणि ‘पा’ म्हणजे संस्कृतातील ‘पा’ हाच धातू, अर्थात राखणे. राज्य राखणारा तो क्षत्रप, इतका हा अर्थ सरळ आहे. इराणी आणि संस्कृत ह्या भाषा सख्ख्या बहिणी असल्यामुळे आपणांस तो फोड न करताही कळतो.

परंतु त्याच लेखात, त्याच वाक्यात, दारयवहु ह्या दोघांस आणखी एक शब्द लावितो. तो म्हणतो, हा माझा ‘बंदक’. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘बंदा’ तो हाच. म्हणजे राज्य राखणारा हा स्वतः सेवक होता. राखावयाचे राज्य दुसऱ्याचे होते. दारयवहूची स्वतःची पदवी ‘ख्शायथिय’. तिचेच पुढे झिजून ‘शाह’ झाले. ती आणि ‘क्षत्र’ हे दोन्ही राज्य करणे ह्या अर्थाच्या एकाच धातूपासून निघालेले आहेत. धनी आणि चाकर ह्यांच्या पदव्या अशा एकाच मुळाच्या असल्या, तरी दोघांतील अंतर त्या काळी कोणासही सांगावे लागत नसे.

पश्चिमेकडे हा शब्द प्रथम ग्रीकांनी उचलला. दारयवहूने आपल्या साम्राज्याचे २० विभाग केले आणि त्यांस पर्शियन लोक ‘सत्रपी’ म्हणतात, असे हेरोडोटसाने लिहून ठेविले आहे. विभागाधिकाऱ्यास ग्रीक भाषेत ‘सत्रापेस’ म्हणू लागले. परंतु ग्रीक कानास ‘क्षत्र’ही ओळखीचे नव्हते व त्यास जोडलेला ‘प’ही उमगत नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो एक अर्थहीन परकीय ध्वनी होता, आणि अर्थहीन ध्वनीस अर्थ येतो तो केवळ अनुभवातून. ग्रीकांचा अनुभव काही गोड नव्हता. त्यांच्या वसाहतींशेजारी आशिया मायनरमध्ये जे सत्रप नांदत, त्यांच्यापाशी सोने अमाप आणि कारस्थाने त्याहून अधिक. इ. स. पू. ४०१ मध्ये तिस्साफेर्नेस नावाच्या सत्रपाने ग्रीक सेनापतींस बोलणी करण्यास बोलावून विश्वासघाताने पकडले. ती हकीकत, त्या मोहिमेत स्वतः असलेल्या झेनोफनच्या लेखणीने युरोपभर अजरामर करून ठेविली आहे.

पुढे सिकंदराने इराणी साम्राज्य जिंकले. पण राज्यकारभाराची चौकट व ही पदवी त्याने तशीच ठेविली. त्याच्या मृत्यूनंतर त्याचे सरदार निरनिराळ्या प्रांतांचे सत्रप म्हणून बसले. टॉलेमी हा इजिप्तचा सत्रप होता, इ. स. पू. ३११ मधील इजिप्तच्या एका शिलालेखात त्याचा उल्लेख त्याच पदवीने केलेला आहे. परंतु इ. स. पू. ३०५ च्या सुमारास त्याने राजपद धारण केले, तेव्हा सत्रप हे नाव टाकून ‘बासिलेउस’ म्हणजे राजा हे नाव घेतले. बाबिलोनचा सत्रप सेल्यूकस ह्यानेही तेच केले. स्वतंत्र झालेल्या पुरुषास जुनी पदवी अंगावर ठेवणे म्हणजे गळ्यातील पट्टा ठेवण्यासारखे वाटले असावे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण नाशिकास नेमके ह्याच्या उलट घडले.

ग्रीकांकडून हा शब्द लॅटिनमध्ये ‘सात्रापा’ होऊन गेला. बायबलच्या लॅटिन भाषांतरात पलिष्टी लोकांच्या सरदारांस हेच नाव दिले आहे. वास्तविक त्या सरदारांचा इराणशी काही संबंध नव्हता. इंग्लंडातील बीड नावाच्या विद्वान भिक्षूने इ. स. ७३१ मध्ये आपला धर्मेतिहास पुरा केला. त्यात तो जर्मनीतील जुन्या सॅक्सन लोकांविषयी सांगतो की, त्यांस राजा नसून अनेक सात्रापा आहेत. हा ग्रंथ जुन्या इंग्रजीत उतरविताना भाषांतरकाराने तेथे ‘एअल्डोरमन’ म्हणजे गावोगावचे वडीलधारे सरदार हा आपला देशी शब्द घातला. ह्याप्रमाणे बल्खच्या अधिकाऱ्याची पदवी उत्तर युरोपातील जंगलांत जाऊन पोचली! पुढे इंग्रजीत सॅट्रप, फ्रेंचमध्ये सात्राप, स्पॅनिशमध्ये सात्रापा आणि रशियनमध्ये सत्राप अशी त्याची रूपे स्थिरावली. आणि सर्वत्र एकच रंग त्यावर चढला. ऐषआरामी, उर्मट, वरच्याचा हस्तक आणि खालच्यांचा काळ, असा मनुष्य म्हणजे सत्रप. रशियात तर झारच्या जुलमी अधिकाऱ्यांस द्यावयाची ती एक शिवीच झाली. राज्याचा रक्षक हा मूळ अर्थ युरोपास कधी ठाऊकच झाला नव्हता. तेव्हा त्याचा विसर पडण्याचाही प्रश्न नव्हता.

आता पूर्वेकडे वळू. शक-पल्लवांच्या स्वाऱ्यांबरोबर ही पदवी वायव्येकडून हिंदुस्थानात आली. तक्षशिलेच्या ताम्रपटात लिअक कुसुलुक नावाचा क्षहरात कुळातील क्षत्रप भेटतो. मथुरेच्या सिंहशीर्षावर महाक्षत्रप राजुल आणि क्षत्रप शोडास ही नावे आहेत. सम्राट कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी सारनाथ येथे स्थापिलेल्या बोधिसत्त्वाच्या मूर्तीवर महाक्षत्रप खरपल्लान व क्षत्रप वनष्पर ह्यांचा उल्लेख आहे, आणि ते कनिष्काचे अधिकारी होते हे उघड आहे. म्हणजे उत्तरेत ही पदवी अद्याप बरीचशी आपल्या जुन्या, दुय्यम जागीच होती.

परंतु हिंदुस्थानात एक चमत्कार घडून आला होता. ग्रीकांच्या कानास जो शब्द मुका होता, तो येथे बोलू लागला. नृप, भूप, महीप, अधिप हे शब्द ज्यांच्या नित्य परिचयाचे, त्यांस ‘क्षत्रप’ परका वाटण्याचे कारणच नव्हते. तो त्याच पंक्तीत जाऊन बसला. शिवाय ‘क्षत्र’ हा तर वर्णवाचक, अभिमानाचा शब्द. क्षतापासून म्हणजे आघातापासून तारतो तो क्षत्र, अशी त्याची व्युत्पत्ती कालिदासाने रघुवंशात दिली आहे. ती शास्त्रशुद्ध नसली, तरी त्या शब्दाभोवती केवढे तेज होते हे तिच्यावरून दिसते. परक्या राजास जे नाव इतक्या सहजपणे प्रजेच्या भाषेत नांदते करी, ते त्याने टाकून का द्यावे? टॉलेमीस जे ओझे वाटले, ते नहपानास भूषण वाटले असल्यास नवल नाही.

ह्या नहपानाचे नाव त्रिरश्मीवरील दहाव्या लेण्यात आहे. लेणी एकंदर २४. त्यांस लोक ‘पांडवलेणी’ म्हणतात, परंतु पांडवांचा त्यांशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली असून, ह्या दहाव्या विहाराचा दाता नहपानाचा जामात, दीनीकाचा पुत्र उषवदात हा होय. आपल्या लेखांत तो सासऱ्याचा उल्लेख तीन शब्दांनी करितो : राजा, क्षहरात, क्षत्रप. पहिला आपला, दुसरा कुळाचा, तिसरा इराणचा. नहपानाची कन्या दक्षमित्रा हिनेही येथे दान दिले असून तीही पित्यास ह्याच तीन शब्दांनी ओळखविते. कार्ले येथे हीच पदवी ‘खतप’ अशी प्राकृत होते. आणि जुन्नरास, ४६व्या वर्षाच्या लेखात, अमात्य अयम आपल्या धन्यास ‘महाखतप’ म्हणतो. ह्यांपैकी एकाही ठिकाणी नहपानाच्या डोक्यावरील कोणा सम्राटाचे नाव येत नाही. चाकराची पदवी आहे, पण धनी नाही. अशा वेळी चाकर हाच धनी होतो.

ह्याला एक साक्ष बाहेरचीही आहे. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्द्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराचे जे वर्णन ग्रीकमध्ये लिहिले, त्यात भडोचच्या बाजूच्या मुलखाचा स्वामी म्हणून एका राजाचे नाव येते. हस्तलिखितात ते नाव बिघडलेले असले, तरी तो नहपानच असावा असे बहुतेक विद्वान मानतात. ‘सत्रापेस’ हा शब्द ह्या लेखकाच्या स्वतःच्या भाषेत कित्येक शतकांपासून रुळलेला होता. तरीही तो ह्या राज्यास सत्रपी म्हणत नाही. ‘बासिलेइया’ म्हणजे राजाचे राज्य म्हणतो. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवरही ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी ह्या तीन लिप्यांत ‘राजा क्षहरात नहपान’ एवढेच आहे; क्षत्रप हा शब्द तेथे नाही. बाजारात जे नाणे फिरावयाचे त्यावर राजा, आणि धर्मकार्याच्या शिलेवर राजा व क्षत्रप दोन्ही, असा हा व्यवहार होता.

‘राज्य राखणारा’ हे नाव ह्या घराण्याने कितपत सार्थ केले, हे पाहावयाचे तर उषवदाताचाच लेख वाचावा. भडोच, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे त्याने धर्मशाळा बांधिल्या. तापी, दमणा, पारदा, डहाणुका इत्यादी नद्यांवर फुकट तरी ठेविल्या. ४२व्या वर्षी त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव केली. ती रक्कम गोवर्धनातील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविली : एकीकडे २००० दरमहा शेकडा १ दराने, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून २० भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. वाचकांनी हिशेब करून पाहावा. वर्षाचे व्याज २४० आणि वाटणीही २४०, तो बिनचूक जुळतो. मुद्दल कधी परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज भोगावयाचे, अशी अट आहे. आणि हे सर्व निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदविले, असेही लिहिले आहे. स्वतःच्या दानासही गावच्या सभेची साक्ष आणि कोष्ट्यांची पत लागते, हे मान्य करणारा हा राजपुरुष युरोपच्या कल्पनेतील सत्रपाहून पुष्कळच निराळा आहे. आपल्या दानशूरतेची जाहिरात तो भरपूर करितो, हेही खरे. तीन लक्ष गाई दिल्याचा त्याचा दावा ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा.

हे वैभव फार टिकले नाही. गौतमीपुत्र सातकर्णी ह्याने क्षहरातांचे राज्य बुडविले. इ. स. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे मारलेले आहेत. पराभूताचा चेहरा व विजेत्याचा शिक्का एकाच रुप्यावर! त्रिरश्मीवरही तसेच झाले. दहाव्या लेण्यापासून थोड्याच अंतरावर तिसरे लेणे आहे. ते गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिने दान केले, आणि त्याची घडण पुष्कळ अंशी नहपानविहाराच्या धर्तीवर आहे. तेथील लेखात ती आपल्या पुत्रास राजांचा राजा, शक-यवन-पल्लवांचा संहार करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा असे म्हणते. क्षत्रियांचा दर्प व मान मर्दन करणारा, असेही म्हणते. परंतु ‘क्षत्रप’ हा शब्द ती उच्चारीत नाही. शत्रूचे कूळ सांगितले, पदवी गाळली. ह्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षाचे एक आज्ञापत्र आहे. त्यात आजवर उषवदाताच्या भोगवट्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत भिक्षूंस दिले आहे. तेथे उषवदात हे नाव आहे, पण तो कोणाचा जामात, कोणत्या राजाचा, ह्यातले काही नाही. किताब गेला आणि केवळ सातबाऱ्यावरील नाव तेवढे उरले, असे आजच्या भाषेत म्हणता येईल.

परंतु ह्या प्रकरणातील आम्हांस सर्वांत हृदयद्रावक वाटणारी नोंद पुढची आहे. २४व्या वर्षीचे दुसरे आज्ञापत्र सांगते की, काखडी गावातील पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि तो गावही वसत नाही; म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत. गाव का ओस पडला हे लेख सांगत नाही. परंतु एका स्वाम्याकडून दुसऱ्याकडे मुलूख जाताना जे घडते, त्याचे ह्याहून थोडक्यात वर्णन आम्ही वाचलेले नाही. क्षत्र राखले कोणी, हा वाद राजे आपल्या बिरुदांतून करीत होते. आणि क्षेत्र पडीक होते.

नाशिकातून गेली, तरी ही पदवी पश्चिम हिंदुस्थानातून गेली नाही. चष्टनाच्या वंशाने ती पुढे सुमारे ३०० वर्षे धारण केली. त्यांत मुख्य राजा तो महाक्षत्रप आणि त्याचा सहकारी किंवा वारस तो क्षत्रप, असा नियम दिसतो. म्हणजे दुय्यमपणाची जी छटा होती, तीही आता घरातल्या घरात राहिली. ह्या वंशातील रुद्रदामन् इ. स. १५० च्या जुनागड येथील लेखात सांगतो की, महाक्षत्रप हे नाव आपण स्वतः मिळविले आहे. कोणी दिलेले नव्हे, स्वतः मिळविलेले! दारयवहूने हे वाक्य ऐकिले असते, तर तो चकितच झाला असता. कान्हेरीच्या एका लेखात तर वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख महाक्षत्रपाची कन्या असा गौरवाने केला आहे. ज्या सातवाहनांनी नाशिकास हे नाव गाळले, त्यांच्याच घरात ते माहेरचे नाव म्हणून शिरले. चष्टनाचे वंशज आपल्या नाण्यांवर जो शक घालीत, तो इ. स. ७८ पासूनचा, त्यासच आपण आज ‘शालिवाहन शक’ म्हणतो. परस्परांशी झुंजलेली दोन्ही कुळे आमच्या पंचांगाच्या पहिल्या ओळीत अशी सुखाने एकत्र नांदत आहेत.

येथे दोन गोष्टींचा खुलासा आवश्यक आहे. ‘क्षत्रप’ आणि ‘छत्रपती’ एकच, असे काही लोक म्हणतात. वायव्येकडील खरोष्ठी नाण्यांवर ‘छत्रप’ असे रूप येत असल्यामुळे हा भ्रम वाढतो. परंतु छत्र शब्द ‘छद्’ म्हणजे झाकणे ह्या धातूचा, आणि छत्रपती म्हणजे छत्राचा स्वामी. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांनी जे नाव धारण केले, त्याचा इराणी प्रांताधिकाऱ्याच्या पदवीशी काही संबंध नाही. दुसरी गोष्ट, पदवीचे असे चढउतार केवळ ह्याच शब्दाच्या वाट्यास आले, असेही नव्हे. ‘नबाब’ हा शब्द नायब ह्याचे अरबी अनेकवचन, अर्थ प्रतिनिधी. बादशाही खिळखिळी झाली तेव्हा बंगालचे व अर्काटचे हे प्रतिनिधी स्वतःच धनी झाले आणि नबाब म्हणजे राजा असा अर्थ झाला. तोच शब्द कंपनीच्या नोकरांबरोबर इंग्लंडात गेला आणि तेथे हिंदुस्थानात गबर होऊन परतलेल्या माणसाची टर उडविण्याच्या कामी आला. १७७२ साली सॅम्युअल फूट ह्याने त्या नावाचे प्रहसनच रचिले. येथे चढले, तेथे पडले. क्षत्रपाचीच कथा पुन्हा एकवार.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. वृत्तपत्रांतील ‘क्षत्रप’ त्रिरश्मीवरून आलेला नाही, असे आमचे मत आहे. तेथील क्षत्रपाच्या डोक्यावर कोणी श्रेष्ठी नाही. आजच्या प्रयोगात पक्षश्रेष्ठी गृहीतच आहे. तेथे उपहास नाही. येथे तो आहे. हा अर्थ ग्रीकांनी घडविला, लॅटिनने वाहिला व इंग्रजी वृत्तपत्रांनी आमच्या दारात आणून टाकिला. आम्ही त्यावर इतिहासाच्या पुस्तकातील संस्कृत पोशाख चढविला आणि तो आपलाच समजून घेतला. भाषेत असे व्यवहार होतातच. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही, आणि शब्द वर्ज्य करावा असेही आमचे म्हणणे नाही.

परंतु ज्यांस आपण हे नाव देतो, त्यांच्याविषयी विचारावयाचा प्रश्न मात्र मूळ अर्थानेच विचारावा. एखाद्या पुढाऱ्यामागे किती माणसे आहेत, दिल्लीशी त्याचे कसे आहे, ह्यापेक्षा त्याने आपल्या मुलखात काय राखले, हे पाहावे. नहपानाच्या जामाताने नद्यांवरील तरींची, व्याजाच्या दरांची आणि सभेतील नोंदीची जंत्री दगडात ठेविली, म्हणून १९०० वर्षांनंतरही आपण त्याचा हिशेब तपासू शकतो. नाशिकच्या वाचकांस तर फार दूर जावयास नको. पुढच्या खेपेस त्या पायऱ्या चढाल तेव्हा पांडवांस क्षणभर बाजूस ठेवून दहाव्या लेण्याच्या भिंतीवरील कोष्ट्यांच्या श्रेणी शोधा, आणि मग तिसऱ्यात जाऊन काखडी गावाची ती ओळही पाहून या.